सापडत नाही, तर पसरत नाही. मग नियम बदलायला इतकी वर्षं का लागतात?

शब्दखूण

आरोग्यविषयक पत्रकांचं भाषांतर हा माझा पोटापाण्याचा उद्योग. सध्या एचआयव्हीवरचं एक पत्रक हातात आहे आणि चार दिवस एकाच ओळीवर अडून बसले आहे. इंग्रजीत ती 'यू इक्वल्स यू' (अनडिटेक्टेबल इक्वल्स अनट्रान्समिटेबल) अशी चटपटीत आहे. अर्थ असा, की एआरटीची, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी, औषधं नियमित घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून तो दुसऱ्याला लागत नाही. मी लिहिलं, 'सापडत नाही, तर पसरत नाही'. लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश झाले. मग शंका आली, वाचणाऱ्याला 'सापडत नाही' म्हणजे 'रोग गेला' असं वाटलं तर?

अडल्यामुळे मागचं वाचत गेले आणि त्या नादात एका वेगळ्याच प्रश्नात गुंतले. म्हणून हा धागा.

२००८ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी निवेदन काढून हेच सांगितलं होतं. अटी होत्या: औषधं नियमित, सहा महिने विषाणू न सापडलेला, दुसरा कुठला गुप्तरोग नाही. त्यांच्यावर बेजबाबदारपणाचा ठपका आला. २०११ मध्ये एचपीटीएन ०५२ या चाचणीचा निकाल आला. नऊ देश, १,७६३ जोडपी, त्यात पुणे आणि चेन्नईचीही. लवकर औषधं सुरू केलेल्या गटात जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी. निकाल इतका स्पष्ट, की तो ठरल्या वेळेआधीच जाहीर केला.

इथवर वाचून मला वाटलं, संपला प्रश्न. पण त्या १,७६३ जोडप्यांतली ९७ टक्के स्त्री-पुरुष जोडपी होती. दोन पुरुषांच्या जोडप्यांबद्दल हेच खरं आहे असं ठामपणे म्हणायला २०१९ उजाडलं. 'पार्टनर २' या अभ्यासात ७८२ समलिंगी पुरुष जोडपी होती. कंडोमशिवाय ७६,०८८ वेळा संबंध आले, आणि जोडीदाराकडून लागण शून्य. पंधरा जणांना या काळात एचआयव्ही झाला, पण विषाणूची जनुकीय जुळणी केल्यावर तो जोडीदाराचा नव्हता, बाहेरून आलेला होता.

ज्या समाजात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला, त्यालाच हे उत्तर शेवटी मिळालं. असं का होतं? आणि उत्तर मिळाल्यावरही कायदे, फॉर्म, नियमावल्या जागच्या हलत का नाहीत? इथे वैद्यक, कायदा, आकडेशास्त्रातली मंडळी आहेत म्हणून विचारते. आणि हो, त्या ओळीला पर्याय सुचवाच.

रात्रपाळी

आधी ओळीबद्दल. ओपीडीत 'सापडत नाही' म्हटलं की दहातले काही जण विचारतातच, "मग गोळ्या बंद करू?" म्हणून मी 'दबलेला' म्हणतो. विषाणू दबलेला आहे, गेलेला नाही. तो काही पेशींत दडून बसतो आणि औषध थांबलं की वर येतो. पत्रकात 'औषधं चालू असेपर्यंत' हे तीन शब्द कुठेतरी घालाच. दुसरं, हे विधान लैंगिक संबंधांपुरतं आहे. एकच सुई दोघांनी वापरली किंवा बाळाला अंगावर पाजलं तर औषधांमुळे धोका कमी होतो, पण तिथे तितक्या ठामपणे 'शून्य' म्हणता येत नाही.

'सापडेनासा' म्हणजे किती, हेही लोक विचारतात. बरेच देश एका मिलीलीटर रक्तात विषाणूच्या २०० प्रतींच्या खाली अशी रेघ ओढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये आणखी सांगितलं, की १,००० किंवा त्याखाली असेल तरी संबंधांतून लागण्याचा धोका जवळपास शून्य किंवा नगण्य. जिथे महागडी यंत्रं नाहीत तिथे याचा फार उपयोग होतो.

शंकासुर

नावाला जागून विचारतो. विज्ञानात 'शून्य' असतं का? ७८२ जोडप्यांत सापडलं नाही, ७८३ व्या जोडप्यात सापडेल. सरकारने अशा भरवशावर नियम बदलावेत?

आकडेमोड

@शंकासुर, प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्याच निबंधात आहे. जोडप्यांची संख्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवलेला काळ यांचा गुणाकार १,५९३ जोडपी-वर्षं होतो. त्यात एकही घटना नाही. तरी खरा दर जास्तीत जास्त किती असू शकेल याची वरची मर्यादा काढतात. ती निघाली शंभर जोडपी-वर्षांना ०.२३. म्हणजे सगळ्यात वाईट धरलं तरी एका लागणीसाठी एका जोडप्याला सरासरी चारशेहून जास्त वर्षं एकत्र राहावं लागेल. तोवर त्यांचं भांडण झालेलं असेल.

पण शब्दखूण यांचा मुद्दा मला इथेच दिसतो. २०१६ च्या पहिल्या 'पार्टनर'मध्येही शून्यच होतं, पण समलिंगी जोडपी ३४० होती. जोडपी कमी म्हणून वरची मर्यादा जास्त, म्हणून 'नक्की सांगता येत नाही' असा शेरा. जोखीम तीच होती, मोजणी अपुरी होती. ही पळवाट धोरणकर्त्यांना फार सोयीची असते. ज्यांना मोजलंच नाही त्यांच्याबद्दल 'पुरावा नाही' म्हणता येतं, आणि ऐकणाऱ्याला ते 'धोका आहे' असं ऐकू येतं.

शंकासुर

चारशे वर्षं मान्य. पण मग रक्तदानाचं काय? पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवला असेल तर रक्त घेऊ नये, हा नियम मला तरी भेदभाव वाटत नाही, सावधगिरी वाटते.

रात्रपाळी

दोन गोष्टींची गल्लत होते आहे. 'सापडत नाही तर पसरत नाही' रक्ताला लागू नाही. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीने रक्त द्यायचंच नसतं, औषधं कितीही चोख असोत. रक्तपेढीचा प्रश्न निराळा आहे: ज्याला स्वतःलाच माहीत नाही त्याचं काय?

सुरुवातीच्या बंदीला मी नावं ठेवणार नाही. १९८३ मध्ये चाचणीच नव्हती. हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांना रक्तघटकांतून लागण झाली. त्या भीतीत सरसकट बंदी येणं समजू शकतं. अमेरिकेत १९८५ मध्ये नियम झाला, की १९७७ नंतर एकदाही पुरुषाशी संबंध आलेल्या पुरुषाचं रक्त आयुष्यभर नाही. त्याच वर्षी पहिली चाचणी आली. पुढे विषाणूची जनुकं थेट शोधणारी नॅट चाचणी आली आणि लागण होऊन चाचणीत न दिसण्याचा काळ साधारण दहा दिवसांवर आला. धोका दहा दिवसांचा आणि बंदी आयुष्याची. ती अमेरिकेत टिकली २०१५ पर्यंत. मग १२ महिने, २०२० मध्ये ३ महिने, आणि २०२३ मध्ये ओळख विचारणं सोडून प्रत्येकाला तेच प्रश्न: गेल्या तीन महिन्यांत नवा जोडीदार किंवा एकाहून जास्त जोडीदार होते का, असल्यास कोणत्या प्रकारचे संबंध.

इटलीने हे २००१ मध्येच केलं होतं. ब्रिटनने आधी एक अभ्यासगट नेमला, माहिती गोळा केली आणि १४ जून २०२१ ला नियम बदलला. जुन्या नियमाची गंमत अशी, की दहा वर्षं एकाच जोडीदाराबरोबर असलेला समलिंगी पुरुष बाद, आणि महिन्यात चार जणींबरोबर झोपलेला आमचा हॉस्टेलचा वीर पास.

अवांतर: नवं विज्ञान नेहमी दार उघडतंच असं नाही. प्रेपच्या (लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या) गोळ्या घेणाऱ्याला लागण झालीच तर ती चाचणीत उशिरा दिसू शकते, म्हणून प्रेपवर असलेल्यांना काही काळ थांबवतात. हा नियम मला योग्य वाटतो. तो वागण्यावर आहे, ओळखीवर नाही.

शंकासुर

हॉस्टेलचा वीर पटला. माघार.

चिवट_गवत

"नियम जागचे हलत का नाहीत" याचं एक उत्तर माझ्याकडे आहे. ते आपोआप हलत नाहीत, कोणीतरी ढकलावे लागतात. प्रेपची इंग्लंडमधली कथा बघा. लागण होण्याआधीच रोज गोळी घेऊन एचआयव्ही टाळायचा, हे २०१० च्या आयप्रेक्स चाचणीने दाखवलं. अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. इंग्लंडमध्ये स्वतःचीच 'प्राऊड' नावाची चाचणी झाली, ५४४ पुरुष, ८६ टक्के संरक्षण. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. घरचाच पुरावा, घरच्याच दवाखान्यांतला. तरी २०१६ मध्ये एनएचएस इंग्लंडने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, हात वर केले. म्हणे प्रतिबंध हे स्थानिक पालिकांचं काम, आमचं नव्हे. नॅशनल एड्स ट्रस्ट ही संस्था कोर्टात गेली. उच्च न्यायालयात जिंकली, अपिलातही जिंकली. कोर्टाने 'गोळ्या द्या' म्हटलं नव्हतं बरं का, एवढंच म्हटलं की तुम्हाला हे देण्याचा अधिकार आहे. मग २०१७ मध्ये 'आणखी एक चाचणी' या नावाखाली दहा हजार जागा उघडल्या. त्या भरल्या, वाढवत वाढवत २६ हजारांवर नेल्या. सगळ्यांसाठी नेहमीची सेवा सुरू झाली २०२० मध्ये. तोवर लोक आंतरजालावरून जेनेरिक गोळ्या मागवत होते आणि काही दवाखाने त्यांच्या तपासण्या करून देत होते.

संशोधन २०१५ ला संपलं होतं. पुढची पाच वर्षं वाद चालला तो बिल कोणी भरायचं याचा.

आणि ढकलणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. ११ ऑक्टोबर १९८८ ला ॲक्ट अप या एड्सग्रस्तांसाठी लढणाऱ्या चळवळीचे लोक अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएच्या दारात जाऊन बसले. पण नुसत्या घोषणा नव्हत्या. त्यांच्यातल्या काहींनी औषधमान्यतेची प्रक्रिया इतकी घोकली होती की शास्त्रज्ञांशी बरोबरीने बोलायचे. गंभीर आजारांसाठी औषधं लवकर उपलब्ध करण्याचे जे मार्ग त्यानंतर निघाले, त्यांचा फायदा आज कर्करोगाच्या रुग्णांनाही होतो. ते कोणामुळे झालं हे कर्करोगाच्या वॉर्डात कोणाला ठाऊक नसतं.

मधली_ओळ

पहिल्यांदाच लिहिते आहे, वाचनमात्र होते. मी ट्रान्स स्त्री आहे.

वर आयप्रेक्सचा उल्लेख आला. २,४९९ जणांची चाचणी. निबंधाच्या शीर्षकातच 'पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष' असं आहे. पुढे कोणीतरी नोंदी पुन्हा उघडल्या तेव्हा त्यातल्या ३३९ जणी ट्रान्स स्त्रिया निघाल्या. २०१५ मध्ये त्यांचा हिशोब वेगळा मांडला. गोळी मिळालेल्या गटात ११ जणींना लागण, नुसती साखरेची गोळी मिळालेल्या गटात १०. म्हणजे एकूण चाचणीत ४४ टक्के संरक्षण दिसत असताना आमच्यात काहीच फरक दिसला नाही. औषध निकामी होतं असं नाही. लागण कळली तेव्हा त्या ११ जणींपैकी एकीच्याही रक्तात औषध सापडलं नाही. गोळ्या घेतल्याच जात नव्हत्या. का, तर बहुधा हार्मोन्सबरोबर या चालतील का, ही भीती. नंतरच्या अभ्यासांत प्रेपमुळे हार्मोन्सचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही. पण हा प्रश्न चाचणी आखताना कोणाच्या डोक्यातच आला नव्हता, कारण कागदावर आम्ही पुरुष होतो.

आणि धोका कोणाला होता? २०१३ मध्ये पंधरा देशांची माहिती एकत्र केली तेव्हा ट्रान्स स्त्रियांत एचआयव्ही असण्याची शक्यता इतर प्रौढांच्या जवळपास ४९ पट निघाली.

एकदा तपासणीला गेले होते (कुठे ते राहू दे). फॉर्मवर दोनच चौकोन. मी दोन्हींच्या मध्ये टिक केली. काउंटरवरच्या बाईंनी व्हाइटनर लावून ती 'पुरुष'वर नेली. त्या वाईट नव्हत्या. संगणक पुढे जाऊ देत नव्हता.

शब्दखूण

@मधली_ओळ, लिहिलंत म्हणून आभार. व्हाइटनरचं वाचून थोडा वेळ काम बाजूला ठेवलं.

आकडेमोड

@मधली_ओळ, दंडवत. 'पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष' हा शब्दप्रयोग मुळात चांगल्या हेतूने आला होता. स्वतःला समलिंगी न म्हणणाऱ्यांपर्यंतही पोहोचता यावं, ओळखीपेक्षा वागणं बघावं. आमच्या क्षेत्रात तो इतका रुळला की तक्त्यातला एक रकाना झाला आणि त्या रकान्यात कोण कोण कोंबलंय हे बघायचं राहून गेलं. मीही असे तक्ते केले आहेत.

काळा_कोट

कायद्याच्या बाजूने थोडं. एचआयव्हीच्या आकड्यांनी कायदा बदलतो, पण आकडा दुधारी असतो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चं उदाहरण घ्या. १९९४ ची तिहार तुरुंगात कंडोम वाटू देण्याची याचिका असो की नाझ फाउंडेशनची २००१ ची, दोन्हींची सुरुवात एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातून झाली. युक्तिवाद साधा होता: कलमाच्या भीतीने लोक लपतात आणि लपलेल्यांपर्यंत आरोग्यसेवक पोहोचत नाही. दिल्ली उच्च न्यायालयात एड्स नियंत्रण संघटना म्हणाली, कलम आड येतं. गृहखातं म्हणालं, कलम हवं. एकच सरकार, दोन प्रतिज्ञापत्रं. न्यायालयाने २ जुलै २००९ ला पहिली बाजू उचलली.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, तेव्हा म्हटलं की हे लोक लोकसंख्येचा अत्यल्प अंश आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशेहून कमी खटले झाले. आकड्यानेच दार उघडलं होतं, आकड्यानेच बंद केलं. हे संबंध गुन्ह्यातून काढणारा ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल आला तो मुख्यतः प्रतिष्ठा, समानता आणि खासगीपणाच्या पायावर. आरोग्याचा मुद्दा त्यात होता, पण निकाल त्यावर तोललेला नव्हता. मला ते बरं वाटलं. 'आम्हाला मोकळं सोडा, नाहीतर साथ पसरेल' या युक्तिवादात माणूस साथीचं वाहन म्हणूनच उरतो.

उलटा पुरावाही आहे. नायजेरियात जानेवारी २०१४ मध्ये समलिंगी संबंधांविरुद्ध कडक कायदा आला. तेव्हा अबुजामध्ये एक अभ्यास आधीपासून चालू होता. त्यामुळे कायद्याच्या आधीची आणि नंतरची तुलना करता आली. कायद्यानंतर दवाखान्यात जायची भीती वाढलेली दिसली. असा पुरावा क्वचित मिळतो, कारण कायदा करणारे संशोधकांना विचारून तारीख ठरवत नाहीत.

रानवारा

सगळं वाचलं, छान चर्चा. एक खुसपट काढते. धाग्यात एलजीबीटी आरोग्य म्हणजे एचआयव्ही असंच चाललंय. पैसा तिथे, म्हणून संशोधन तिथे, म्हणून धोरण तिथे. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया या साऱ्या हिशोबात कुठेच नाहीत, कारण आमच्यात एचआयव्हीचं प्रमाण कमी. चांगली बातमी आहे, पण तिची शिक्षा म्हणजे आमच्याबद्दल कोणी काही विचारतच नाही. 'तुम्हाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची गरज नाही' असं मला एका डॉक्टरने छातीठोकपणे सांगितलं होतं. गरज असते. हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूला कोण कोणाबरोबर आहे याने फरक पडत नाही. नैराश्य, दारू, म्हातारपणी एकटं पडणं, यांवर तर बोलायलाच नको.

रात्रपाळी

@रानवारा, शंभर टक्के सहमत आणि त्या डॉक्टरच्या वतीने दिलगीर. थोडं पुढे जोडतो. एचआयव्हीसाठी उभ्या राहिलेल्या दवाखान्यांतून आता दुसरी उत्तरंही निघू लागली आहेत. 'अँकर' चाचणीत एचआयव्ही असलेले ४,४४६ जण होते, स्त्रियाही. गुदद्वाराच्या कर्करोगाआधीचे बदल वेळीच काढले तर कर्करोग ५७ टक्क्यांनी कमी झाला. त्यावरून मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. एचआयव्ही नसता तर इतक्या अवघड जागच्या कर्करोगावर कोणी एवढा खर्च केला असता असं वाटत नाही. तुमचा मुद्दा यातून खोडला जात नाही, उलट पक्काच होतो.

चिवट_गवत

धागा वर काढतोय. वर सगळे 'उशीर' म्हणताहेत, पण उलट टोकही बघा. लेनाकापाविर हे एचआयव्ही टाळण्यासाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन. २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या चाचणीत इंजेक्शन मिळालेल्या २,१३४ तरुण मुली-बायकांपैकी एकीलाही लागण नाही. दुसऱ्या चाचणीत पुरुष, ट्रान्स आणि नॉनबायनरी मिळून २,१७९ जणांत दोघांना. जून २०२५ मध्ये एफडीएची मान्यता, जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. आणि हो, या वेळी ट्रान्स लोकांना पहिल्या दिवसापासून त्यांच्या नावाने मोजलं, @मधली_ओळ.

पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. पेपफार या तिच्या एड्सविरोधी मदत कार्यक्रमाला नंतर जी सवलत दिली, तिच्यात प्रेप फक्त गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी ठेवलं. समलिंगी पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया यादीतून बाहेर. त्या महिन्यात विज्ञानात काही बदललं होतं का? अजिबात नाही.

शंकासुर

म्हणजे मोजलं तरी खोडता येतं.

मधली_ओळ

@शंकासुर, येतं. पण मोजलेलं खोडलं तर निदान खोडल्याची खूण राहते. व्हाइटनर उजेडात धरलं की खालची टिक दिसते.

@चिवट_गवत, वाचलं. दोनदा वाचलं.

शब्दखूण

पत्रक आज गेलं. @रात्रपाळी, तुमचं ऐकून शेवटी घोषवाक्य मथळ्यात ठेवलं आणि खाली साधी ओळ घातली: 'औषधं नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की औषधं चालू असेपर्यंत संबंधांतून तो जोडीदाराला लागत नाही. विषाणू शरीरात दबलेला असतो, म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत.' चटपटीत नाही, पण गोळ्या बंद करायला तरी कोणी येणार नाही तुमच्याकडे.

दुसऱ्या पानावर मूळ इंग्रजीत 'स्पाउस' होतं आणि आधीच्या मराठी मसुद्यात 'पती किंवा पत्नी'. तिथेही 'जोडीदार' केलं. संपादकांनी समासात 'मुळाशी जुळत नाही, का बदललं?' असं विचारलं आहे. मी '७८२ जोडपी, ७६,०८८ वेळा, शून्य' एवढंच लिहून पाठवलं. अजून उत्तर नाही.